जोंगा: जबलपूरची की जपानची?

गेल्या वर्षी जबलपूरला पोस्टिंग आली, तेव्हा मुलांनी विचारलं, "बाबा, भेडाघाट कधी दाखवणार?" मी मात्र पहिल्याच रविवारी लष्कराने लिलावात काढलेली एक जोंगा बघायला गेलो. दोन महिन्यांत कागदपत्रं झाली आणि ती घरी आली. लिटरला जेमतेम चार किलोमीटर देते. बायको तिला पांढरा हत्ती म्हणते, रंग हिरवा असला तरी!

जोंगाची आणि माझी ओळख २००२ ची. ऑपरेशन पराक्रमच्या काळात आमचं युनिट राजस्थानात होतं आणि मी नवाकोरा लेफ्टनंट. एका रात्री पोटदुखीने तळमळणाऱ्या जवानाला फील्ड हॉस्पिटलला न्यायचं होतं. स्टिअरिंग मी हट्टाने घेतलं. वाटेत चाकं वाळूत रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो, गाडी आणखी खाली जात राहिली. शेवटी ड्रायव्हर हवालदार उतरला. त्याने चारही टायरांची हवा कमी केली, फोर-व्हील लो टाकला आणि गाडी बैलाच्या चालीने बाहेर काढली. जवान वाचला. पण माझ्यामुळे वाया गेलेली ती वीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

आता थोडा इतिहास. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे जीप म्हणजे विलीज. १९४७ पासून महिंद्रा मुंबईत त्या जुळवू लागले. १९६५ मध्ये असल उत्तरला ४ ग्रेनेडियर्सच्या हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. त्यांच्या रेजिमेंटचं केंद्र आज इथेच, जबलपूरला आहे.

त्याच दशकात सैन्याने जास्त दणकट गाडीसाठी जपानच्या निस्सानशी करार केला. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. तिथे १९५९ पासून जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनत होता. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि निस्सान पेट्रोलची आपली आवृत्ती रस्त्यावर आली. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' यातली आद्याक्षरं जोडून नाव झालं जोंगा. ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जाडजूड पत्रा. सीओंची गाडी तीच, तोफ वाहणारी तीच, रुग्ण नेणारीही तीच.

आम्ही तिला अभिमानाने स्वदेशी म्हणतो. पण एक गोष्ट मला टोचते. निस्सानने हे मॉडेल १९८० च्या सुमारास बंद करून पुढचं आणलं. आपण मात्र तीच गाडी १९९९ पर्यंत बनवत राहिलो. आणि तिची जागा घेतली जिप्सीने. तीही मुळात सुझुकीचीच!

म्हणजे जबलपूरच्या हातांत कसब नव्हतं का? माझ्या गाडीचं काम करणारे निवृत्त फिटरकाका सत्तरीचे आहेत. एक ब्रॅकेट बाजारात कुठेच मिळेना. काकांनी नकाशा न बघता दुपारभरात घडवून बसवलं. मी विचारलं, "काका, तुम्ही लोकांनी स्वतःची नवी गाडी का नाही केली?" ते हात पुसत म्हणाले, "साहेब, आम्हाला आकडा मागायचे. नवा नकाशा कुणी मागितलाच नाही."

परवान्यावर गाडी बनवणं चूक नव्हतं. सुरुवात तशीच होते. विलीजपासून महिंद्रांनीही तशीच केली. चूक पुढची होती. सीमेवर गाड्या हव्या होत्या, म्हणून आपण संख्या वाढवत राहिलो आणि त्यालाच प्रगती समजलो. वाळूत मीही तेच केलं होतं. चाकं जोरात फिरत होती, म्हणून मला वाटत होतं गाडी पुढे चाललीय.

येत्या रविवारी मुलांना याच जोंगातून भेडाघाटला नेणार आहे. पेट्रोलचा खर्च घरी सांगितलेला नाही.