पहिला वस्तरा : धोकटीतल्या एका हत्याराचा इतिहास (थ्रेड)

१/ पहिला वस्तरा कोणता घ्यावा? आज हा प्रश्न हौशी तरुण विचारतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शहापूर-मुरबाडच्या गावांत तो बहुधा एकाच घरात उद्भवत असे : न्हाव्याच्या. त्याच्या उत्तरात पोलाद होते, पाऊस होता, आणि जातही होती.

२/ न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. कामाचा मोबदला सुगीला धान्यात; या पट्ट्यात प्रामुख्याने भात. घाटावरच्या मानाने कोकणात बलुतेपद्धत सैल होती, तरी रोख पैसा दुर्मीळच. त्यामुळे शिकाऊ मुलाच्या हाती पहिल्यांदा येई तो वडीलधाऱ्यांच्या धोकटीतला जुना वस्तरा. सोबत कात्री, चिमटा, नखे काढायची नराणी, वाटी आणि आरसा.

३/ चांगल्या वस्तऱ्याची कथा दूरवर सुरू होते. १७४० च्या दशकात शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची पद्धत बसवली. असे पोलाद बारीक धार घेते आणि टिकवते. पुढे इंग्लंडचे शेफिल्ड आणि जर्मनीचे झोलिंगेन या दोन शहरांचे वस्तरे जगभर गेले.

४/ मुंबई बंदरात उतरणाऱ्या विलायती मालाला आत जाण्यासाठी वाट हवी होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६१ मध्ये शहापूर तालुक्यातून कसाऱ्यापर्यंत पोहोचली. या रेल्वेच्या उभारणीत पुढाकार घेणारे नाना शंकरशेठ यांचा जन्म १८०३ मध्ये मुरबाडला झाला. मुरबाड मात्र रुळांपासून दूरच राहिले. तेथील खरेदीचा आधार म्हणजे कल्याणचा रस्ता, आठवडी बाजार आणि बैलबाजारासाठी प्रसिद्ध असलेली म्हसा यात्रा.

५/ आता पात्याचा आकार. जुनी पाती पाचरीसारखी जाड असत : वजनदार, स्थिर, पण धार लावायला कष्टाची. एकोणिसाव्या शतकात दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली पाती रूढ झाली. ती हलकी आणि लवचीक असतात, पण अति पातळ पाते अननुभवी हाताला दगा देते. म्हणून नवशिक्याने मध्यम खोलगट, सुमारे १६ मिलिमीटर रुंदीचे (इंचाचा पाच अष्टमांश भाग) आणि गोल टोकाचे पाते घ्यावे. टोकदार कोपरा कानाजवळ हमखास रक्त काढतो.

६/ परंतु वस्तरा विकत घेऊन काम संपत नाही. दगडावर पाजळताना धार पुढे. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे, धार मागे. हा क्रम उलटला तर पट्टा चिरतो आणि धारही जाते. गालावर पाते साधारण ३० अंशांत धरावे लागते. आधी केस पाण्याने पुरते मऊ झाले पाहिजेत. ‘बिनपाण्याची हजामत’ हा वाक्प्रचार उगाच जन्मला नाही.

७/ सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस हा पोलादाचा वैरी. पाते पुसून, कोरडे करून, तेलाचा हात फिरवून ठेवले नाही तर गंज प्रथम धारेवरच चढतो. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली याने शेफिल्डमध्येच गंजरोधक पोलाद तयार केले. त्याचे वस्तरे दमट हवेत सोयीचे. मात्र त्यांना धार लावणे बहुधा अधिक जिकिरीचे.

८/ १९०४ मध्ये किंग जिलेट याला बदलत्या पात्याच्या रेझरचे अमेरिकी पेटंट मिळाले आणि दाढी घरोघरी आली. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने सलूनमधला वस्तराही बदलला : दर गिऱ्हाइकाला ब्लेडचे नवे अर्धे पाते.

९/ हत्याराची निवड झाली. ते कोणाच्या गालावर फिरणार, हे ठरवणे मात्र शिकाऊ मुलाच्या हाती नव्हते. गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्यांना न्हावी शिवत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातील बालपणाविषयी लिहिले आहे : गावात न्हावी होते, तरी त्यांच्या घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापत असे.

१०/ नकाराची दुसरी बाजूही याच हत्याराने दाखवली. विधवांचे केशवपन करण्यासाठी शेवटी न्हाव्याचाच हात लागे. ठाण्यात १८४८ मध्ये जन्मलेले सत्यशोधक कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांना संघटित केले. विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा त्यांचा निर्धार होता. गिऱ्हाइकाच्या मर्जीवर पोट असलेल्या कारागिरांनी मिळकतीवर पाणी सोडून घेतलेली ही भूमिका होती.

११/ १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने जातीवरून केशकर्तनालयात प्रवेश नाकारणे दंडनीय ठरवले. आज आसनगाव स्थानकाजवळ किंवा मुरबाडच्या बाजारपेठेत खुर्चीवर बसणाऱ्याला कोणी जात विचारू शकत नाही. हौशी तरुणाने पहिला वस्तरा जरूर निवडावा : साधा, गोल टोकाचा, नीट पाजळलेला. धोकटीतला तो जुना वस्तराही असाच साधा होता. त्याला कोणता गाल वर्ज्य आणि कोणते डोके सक्तीचे, हे मात्र गाव ठरवत असे.

(थ्रेड समाप्त)