सीमेपलीकडचे आजोळ
पेडणे महाल 1788 साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली त्याआधीच गेली होती. राज्य बदलले, सोयरिकी बदलल्या नाहीत. पेडण्याच्या लेकी बांद्याकडे, डिचोलीच्या दोडामार्गाकडे दिल्या जातच राहिल्या. आंबे-फणसांच्या दिवसांत मुले आजोळी जायची.

15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच हुतात्मा झाले. त्यानंतर भारताने सीमा बंद केली आणि चार कोसांवरचे आजोळ परदेश झाले. मधल्या सहा वर्षांत आई वारली, तरी काही लेकींना तिचे शेवटचे तोंड पाहता आले नाही. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला.

त्या वेळची मुले आता सत्तरीपार आहेत. त्यांच्या आठवणी आम्ही गाववार नोंदवत आहोत. पेडण्याच्या पुनवेच्या पुष्कळ आल्या. सीमाबंदीच्या अजून थोड्याच.