बार्शी लाईटचा साहेब आणि हजेरीपटावरची माणसं

गावाचा इतिहास लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. अमक्यानं हे गाव वसवलं. अमका म्हणजे राजा, सरदार, पाटील, नाही तर साहेब. वसवलं म्हणजे त्यानं नेमकं काय केलं, हे कुणी विचारत नाही. दगड कुणी फोडला, माती कुणी वाहिली, मेलेली ढोरं कुणी ओढली, हे त्या वाक्यात बसत नाही.

आम्ही उजनीच्या पाण्याकाठची माणसं. दीड-पावणेदोनशे वर्षांत आमचा मुलूख दोनदा नव्यानं वसवला गेला. एकदा रेल्वेनं, एकदा धरणानं. दोन्ही वेळा वसवणाराचं नाव राहिलं आणि राबणाराचं पुसलं गेलं. म्हणून हा हिशोब मांडतो आहे.

१८५८ साली जी.आय.पी. कंपनीची गाडी पुण्याहून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत आली. १८५९ साली रूळ पुढं सरकले आणि कुर्डू गावाच्या वाडीजवळ स्टेशन झालं. १८६० साली गाडी सोलापूरला पोचली. वाडीजवळच्या स्टेशनाला वाडीचं नावसुद्धा दिलं नाही. नाव दिलं ‘बार्शी रोड’. कारण पैसा बार्शीच्या पेठेत होता. कापूस, धान्य, गळिताचा माल बैलगाड्यांवर लादून तिथून इथं यायचा. आज ज्याला कुर्डुवाडी म्हणतो, ते जंक्शन या मालाच्या वाटेवर जन्मलं.

मग आला एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७ चा. १८८२ साली जी.आय.पी.च्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शीची पेठ आणि बैलगाड्यांची रांग बघून त्याच्या डोक्यात आलं की इथं हलकी, स्वस्त रेल्वे चालेल. हा माणूस डोक्याचा होता, ते नाकारायचं कारण नाही. रूळ अडीच फूट रुंदीचे. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. त्यामुळं रूळ हलके, पूल हलके, खर्च कमी. इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्याची. १८९५ साली लंडनला कंपनी उभी राहिली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही सुमारे २१ मैलांची लाईन सुरू झाली. लोक तिला ‘बार्शी लाईट’ म्हणायला लागले.

आता साल बघा. १८९६-९७ हे दुष्काळाचं साल. सोलापूर जिल्हा होरपळत होता. माणसं पोटासाठी सरकारी कामांवर खडी फोडत होती. त्याच साली लंडनच्या भागधारकांची गाडी शिट्टी मारत निघाली. एकाच्या इतिहासात ते प्रगतीचं साल आहे, दुसऱ्याच्या इतिहासात ते भुकेचं. पुस्तकात पहिलंच छापलं जातं.

कॅलथ्रॉपचं पुढं नाव झालं. विलायतेत त्यानं लीक आणि मॅनिफोल्ड नावाची तसलीच छोटी रेल्वे उभारली. विमानातून उडी मारायची छत्री बनवली, तिचं नाव ‘गार्डियन एंजल’, म्हणजे राखणदार देवदूत. अरबी घोडे पाळले आणि घोडा हा सोबती आहे, मित्र आहे, असं सांगणारं पुस्तक १९२० साली काढलं. घोड्याला मित्र म्हणणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण त्याच्या लाईनीवर पहार मारणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या एकाही बाईमाणसाचं, बाप्याचं नाव मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. घोड्यावर पुस्तक आहे. गँगमनवर पान नाही.

साहेबाच्या खात्यात जमेच्या बाजूला काय आहे, तेही लिहू. १९०६ साली लाईन पंढरपूरला गेली. १९११ साली लातूरला. १९२७ साली मिरजेला, आणि त्याच साली कॅलथ्रॉप मेला. तिकीट सगळ्यांना एकच. इंजिन जात विचारत नव्हतं. पण डब्यात बसणारी माणसं विचारत होती, स्टेशनावरचं पाणी विचारत होतं. आमचा वारकरी १९०६ पासून गाडीत बसून पंढरपूरला जाऊ शकत होता. देवळाच्या आत मात्र जाऊ शकत नव्हता. चोखोबाच्या समाधीपाशीच त्याची वारी संपायची. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं तेव्हा ते दार उघडलं. म्हणजे रूळ पोचल्यावर पायरी चढायला एक्केचाळीस वर्षं लागली. यंत्र गावात आलं म्हणजे माणुसकी आली, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

दुसरी जमा म्हणजे रोख पगार. महारकीत भाकरीचा तुकडा मागून आणायचा, रेल्वेत महिन्याला रुपये हातात पडायचे. ही लहान गोष्ट नव्हती. पाटलाच्या वाड्यापुढं वाकलेली पाठ त्या रुपयानं थोडी सरळ झाली. पण त्या रुपयालाही कुंपण होतं. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी.च्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथं कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि रेल्वेतलं उघडं गुपितही सांगितलं. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरची जागा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातलंही काम करावं लागतं आणि मास्तर सवर्ण असतो. विटाळ होईल म्हणून बढती नाही! लंडनच्या भांडवलानं रूळ टाकले आणि गावानं त्यावर आपली उतरंड जशीच्या तशी बसवली. साहेबाला तिची अडचण नव्हती. स्वस्त मजूर मिळत होता.

१९५४ साली सरकारनं बार्शी लाईट विकत घेतली. २००८ साली कुर्डुवाडी-लातूर रुंद झाली, पुढं मिरजेपर्यंत. अडीच फुटी रूळ गेले. साहेबाचा वारसा भंगारात गेला, पण जंक्शन राहिलं, आणि जंक्शनभोवतीच्या आपल्या वस्त्याही राहिल्या.

दुसरं वसवणं उजनीचं. ७ मार्च १९६६ ला पायाभरणी, १९८० ला धरण पुरं. ११७ टीएमसी पाणी आणि नाव ‘यशवंतसागर’. या पाण्यात करमाळा, इंदापूर, माढा तालुक्यातली गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ गेलं, ते पाणी आटलं की वर येतं आणि फोटो काढायला गर्दी होते. १८५८ च्या जुन्या रेल्वेलाईनीचाही तुकडा गेला. पण रेल्वेला पाणी चढायच्या आधी दुसरी वाट बांधून दिली. डिकसळजवळचा भीमेवरचा जुना रेल्वेपूलसुद्धा फुकट गेला नाही, तो रस्त्याच्या कामी आला. लोखंडाचं पुनर्वसन वेळेवर झालं!

माणसाचं काय झालं? ज्याच्या नावावर सातबारा, त्याची जमीन मोजली गेली. महार वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली आणि जमिनी नव्या शर्तीनं कसणाऱ्याच्या नावावर व्हायच्या होत्या. ज्यांनी रक्कम भरून नाव लावलं ते कागदावर आले. ज्यांना जमलं नाही, ते कागदावर नव्हतेच. आणि दुसऱ्याच्या रानात जन्म काढणाऱ्या मजुराचं तर काहीच बुडालं नाही, कारण त्याच्याकडं काहीच नव्हतं, असा हिशोब. आमच्या वस्तीला माळावर घरापुरती जागा मिळाली. नदीकाठची गाळपेर, मासळी, सरपण, ढोरांचा चारा, आयाबायांची रोजची पाणंद, हे कुठल्या उताऱ्यात लिहितात? आज पाण्याच्या दोन्ही अंगाला ऊस आहे. त्या उसात कोयता कुणाच्या हातात आहे ते बघा.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशात पोपायान नावाचं शहर आहे. बेलालकासार नावाच्या स्पॅनिश सरदारानं ते १५३७ साली वसवलं, असं तिथली पुस्तकं सांगतात. त्याचा घोड्यावरचा पुतळा तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या दफनाच्या टेकडीवर, म्हणजे त्यांच्या वाडवडिलांच्या छातीवर उभा केला होता. मिसाक जमातीच्या लोकांनी २०२० साली आधी त्या मेलेल्या सरदारावर आपला खटला चालवला, मग सप्टेंबरात दोर लावून पुतळा खाली ओढला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही म्हणता गाव वसवलं, तेव्हा इथं आम्ही होतो.

कॅलथ्रॉप बेलालकासार नव्हता. त्यानं तलवार चालवली नाही, नकाशा चालवला. त्याचा पुतळाही इथं नाही, म्हणून ओढायला काही नाही. पण खटला चालवता येतो. साक्षीदार लागतात. ज्यांच्या घरात गँगच्या हजेरीचा, पगाराचा, धरणाच्या नोटिशीचा पिवळा कागद असेल, त्यांनी तो जपावा. ज्यांच्या म्हाताऱ्यांना पाट्या वाहिलेल्या बायांची नावं आठवतात, त्यांनी ती आजच वहीत लिहून घ्यावीत. नुसतं नाव, वस्ती आणि काम, एवढं पुरे.

कुर्डुवाडी साहेबानं वसवली आणि उजनी सरकारनं बांधली, ही वाक्यं तशी खोटी नाहीत. ती अर्धी आहेत. उरलेली अर्धी आपल्या वहीत आहेत.