‘बिलीफ’, ‘फेथ’ आणि काव्यगत संमती

काव्य आणि ‘बिलीफ’ यांच्या संबंधाविषयी आय. ए. रिचर्ड्स व टी. एस. एलियट यांच्यात जो वाद झाला, त्याचा परिचय मराठी अभ्यासकाला पाठ्यक्रमातूनच झालेला असतो. ‘सायन्स अँड पोएट्री’ (१९२६) या पुस्तकात रिचर्ड्सने ‘द वेस्ट लँड’विषयी असे विधान केले की, एलियटने काव्य आणि सर्व प्रकारची ‘बिलीफ्स’ यांची पूर्ण फारकत केली आहे. एलियटला हे मान्य झाले नाही. १९२७ मध्ये त्याने अँग्लिकन पंथाची दीक्षा घेतली आणि १९२९ च्या दान्तेवरील निबंधात तात्त्विक ‘बिलीफ’ व काव्यगत संमती यांत भेद केला. या वादाचा गोषवारा मराठीत देताना ‘बिलीफ’साठी कधी ‘श्रद्धा’, कधी ‘विश्वास’, तर कधी ‘समजूत’ हा शब्द वापरावा लागतो, आणि प्रत्येक वेळी वाद थोडा निराळाच होऊन बसतो. हा दोष केवळ अनुवादाचा नव्हे. इंग्रजीतील मूळ शब्दच एकसंध नाही.

‘बिलीफ’ हा अस्सल अँग्लो-सॅक्सन शब्द. त्याचे जुने रूप ‘गेलेआफा’; जर्मन ‘ग्लाउबे’ हा त्याचा सगोत्र. प्रिय या अर्थाचा ‘लीफ’ आणि ‘लव्ह’ हेही त्याच कुळातले. बाराव्या शतकानंतर पूर्वप्रत्यय बदलून आजचे रूप सिद्ध झाले. ‘फेथ’ मात्र परका. लॅटिन ‘फिदेस’ जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकात इंग्रजीत आला, तो दिलेला शब्द पाळणे, इमान राखणे हा रोमन अर्थ बरोबर घेऊन. म्हणूनच पत्नी, सेवक किंवा कुत्रा ‘फेथफुल’ असू शकतो. ‘बिलीफ’पासून असे विशेषण इंग्रजीने घडविले नाही. स्कॅन्डिनेव्हियन मूळ असलेल्या ‘ट्रस्ट’ची वाट आणखी वेगळी. तो मालमत्तेच्या कायद्यात शिरला आणि संस्था बनला. आपल्याकडील ‘विश्वस्त’ ही त्याचीच देणगी.

फ्रेंच शब्द आल्यावर धार्मिक अर्थासाठी दोन शब्द शेजारी नांदू लागले. हळूहळू ‘फेथ’ने वरचे आसन घेतले. १६११ च्या अधिकृत बायबल-भाषांतराची साक्ष बोलकी आहे: त्याच्या नव्या करारात ‘फेथ’ दोनशेहून अधिक वेळा येतो, तर ‘बिलीफ’ हे नाम संपूर्ण ग्रंथात एकदाच. परंतु ‘फेथ’ला स्वतःचे चालते क्रियापद नाही. मूळ ग्रीकमध्ये ‘पिस्तिस’ हे नाम आणि ‘पिस्तेउएइन’ हे क्रियापद एकाच धातूची रूपे आहेत. इंग्रजीत नाम फ्रेंच घराण्याचे आणि क्रियापद सॅक्सन, अशी जोडणी करावी लागली. परिणाम असा की योहानाच्या शुभवर्तमानात, जेथे ग्रीक नाम एकदाही येत नाही आणि क्रियापद जवळजवळ शंभर वेळा येते, इंग्रजी वाचकाला केवळ ‘बिलीव्ह’ भेटते. पौलाच्या पत्रांत त्याला ‘फेथ’ भेटते. ग्रीक वाचकाला एकच वाटणारी गोष्ट इंग्रजीत दोन होते. मराठी बायबलने ‘विश्वास’ आणि ‘विश्वास ठेवणे’ असा मार्ग पत्करला. या एका बाबतीत तरी ते इंग्रजीपेक्षा ग्रीकच्या अधिक जवळ आहे.

विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी ‘बिलीफ अँड हिस्टरी’ (१९७७) व ‘फेथ अँड बिलीफ’ (१९७९) या ग्रंथांत या इतिहासावर मोठी इमारत उभी केली. ‘बिलीव्ह’ म्हणजे मूलतः प्रिय मानणे, निष्ठा वाहणे. विधान खरे मानणे हा अर्थ आधुनिक काळाने लादला, असे त्यांचे प्रतिपादन. ते मोहक आहे, पण जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. जुन्या इंग्रजीतही हे क्रियापद ‘अमुक असे आहे’ या आशयाच्या उपवाक्यासह वापरले जात असे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे, हे भाषाभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. एवढे मात्र खरे की दोन अर्थांतील तोल ढळला. लॉकने आपल्या ‘एसे’च्या चौथ्या खंडात ‘बिलीफ’, ‘असेंट’ आणि ‘ओपिनियन’ एकाच रांगेत बसविले व त्यांना ज्ञानापेक्षा खालची, संभाव्यतेची जागा दिली. निष्ठेचा शब्द मताच्या पातळीवर आला.

रोजच्या इंग्रजीत हा उतार स्पष्ट दिसतो. ‘आय बिलीव्ह सो’ म्हणणारा माणूस कसलीही श्रद्धा प्रकट करीत नाही. तो खात्री देण्याचे टाळतो. जे. ओ. अर्मसन यांनी १९५२ च्या लेखात अशा क्रियापदांना कंसवत् क्रियापदे म्हटले: ती मनोवस्थेचे वर्णन करीत नाहीत, विधानाला किती वजन द्यावे एवढेच सुचवितात. मराठी हे काम बहुधा क्रियापदाच्या रूपावर सोपविते. ‘तो घरी असावा’ एवढ्याने भागते; कोणत्याही विश्वासाची गरज पडत नाही. उलट ‘आय बिलीव्ह इन यू’मध्ये एक ‘इन’ येताच जुना अर्थ उसळून वर येतो. ऑगस्टीनने लॅटिनमध्ये ईश्वराचे म्हणणे मानणे, ईश्वर आहे असे मानणे आणि ईश्वराठायी भाव ठेवणे असा जो भेद केला होता, तो इंग्रजी बोलणारा नकळत एका शब्दयोगी अव्ययाने करतो.

एका भाषेच्या अशा योगायोगावर मानवी मनाचे सिद्धान्त रचावेत काय, हा प्रश्न रॉडनी नीडम यांनी ‘बिलीफ, लँग्वेज अँड एक्स्पीरियन्स’ (१९७२) मध्ये विचारला. त्यांची सुरुवात नुएर लोकांपासून होते. ‘आय बिलीव्ह’शी तंतोतंत जुळणारे क्रियापद नुएर भाषेत नाही, असे इव्हान्स-प्रिचर्ड यांनी नोंदविले होते. ज्यांच्याकडे शब्द नाही त्यांच्या ‘बिलीफ्स’ची यादी करणारा संशोधक नेमके काय नोंदवितो? ‘लोकश्रद्धा’ आणि ‘लोकसमजुती’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरणाऱ्या आपल्या लोकसाहित्याभ्यासालाही हा प्रश्न चुकलेला नाही.

आता मूळ वादाकडे पाहावे. कोलरिजने ‘बायोग्राफिया लिटरारिया’च्या (१८१७) चौदाव्या प्रकरणात अविश्वास स्वेच्छेने तहकूब ठेवण्याची जी कल्पना मांडली, ती सर्वांच्या स्मरणात आहे, पण त्याच वाक्यात तो या अवस्थेला नाव देतो ते ‘फेथ’चे, ‘बिलीफ’चे नव्हे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. तहकूब होते ते विधानाविषयीचे मत, आणि मागे उरते ती निष्ठा. दोन्ही शब्दांची कामे तेथे चोख वाटलेली आहेत. रिचर्ड्सने हे वाटप मोडून सर्व ओझे एकट्या ‘बिलीफ’वर टाकले. त्यामुळे ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये (१९२९) त्याला बौद्धिक व भावनिक असे ‘बिलीफ’चे दोन प्रकार पाडावे लागले. यांतील दुसरा प्रकार म्हणजे मागल्या दाराने परतलेला ‘फेथ’च होय. एलियटने शब्द बदलला. त्याने निवडलेला ‘असेंट’ न्यूमनच्या १८७० च्या ग्रंथाच्या शीर्षकात आहे, आणि तो लॉकच्या रांगेत राहूनही मताहून अधिक काही सुचवू शकतो.

या वादात मराठीत ‘श्रद्धा’ योजणे म्हणूनच धोक्याचे आहे. श्रत् आणि धा यांपासून बनलेला हा शब्द लॅटिन ‘क्रेदो’चा सख्खा आप्त आहे; म्हणजे ‘बिलीफ’च्या आजच्या अर्थापासून तो सर्वांत दूरचा. ‘द वेस्ट लँड’मध्ये श्रद्धा नाही असे मराठीत लिहिले, की रिचर्ड्सने न केलेला आरोप एलियटवर येतो. जगाविषयीची विधाने खरी मानण्याची अट त्या कवितेत नाही, एवढेच रिचर्ड्सला म्हणावयाचे होते. ‘मान्यता’ हा शब्द येथे रूक्ष वाटेल, पण तो अधिक प्रामाणिक ठरेल.