नदीच्या पाण्यातली ऊब : झुरिकचा हीट पंप

१/ लिमत नदीलगतची झुरिकची राटहाउस ही सभागृहाची इमारत १६९८ मध्ये पूर्ण झाली. १९३० च्या दशकात तिथल्या लाकडाच्या शेगड्यांना पर्याय शोधणे आले. स्वित्झर्लंडमध्ये कोळसा नगण्य होता; तो शेजाऱ्यांकडून येई. जलविद्युत मात्र स्वतःची होती.

२/ मार्ग जुनाच होता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्येच मांडले होते की इंधनाच्या थेट उष्णतेऐवजी त्यावर यंत्र चालवून बाहेरची उष्णता घरात ओढून आणली, तर इंधन कमी लागेल. हेच तत्त्व उन्हाळ्यात घर थंड करण्यासही उपयोगी पडेल.

३/ १९३८ मध्ये झुरिकने हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. हीट पंप लिमतच्या थंड पाण्यातून उष्णता शोषून घेई आणि तापविण्याचे पाणी ६० अंशांपर्यंत नेई. उन्हाळ्यात तोच इमारत गार करी.

४/ पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि स्वित्झर्लंडला कोळशाची टंचाई जाणवू लागली. तो पंप मात्र २००१ पर्यंत, तब्बल ६३ वर्षे, कार्यरत राहिला. घर कशाने तापवावे, हा प्रश्न वरवर घरगुती दिसतो. परंतु त्याच्या उत्तरात देशाचे स्वावलंबनही दडलेले असते.