बैठकीचा साक्षीदार

संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गवयांची चरित्रे लिहिली, घराण्यांच्या वंशावळी मांडल्या. परंतु समोर जाजमावर बसलेल्या श्रोत्याची नोंद क्वचितच घेतली. वास्तविक ख्यालाच्या बाबतीत ही उणीव मोठी आहे. बंदिशीच्या चार ओळी सोडल्या तर बाकीचे सारे गायन जागच्या जागी घडते आणि तिथेच संपते. ते घडले कसे, हे सांगणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे ऐकणारा. आपल्या बेळगाव-निपाणी भागात हा साक्षीदार पिढ्यान्‌पिढ्या मोठा चोखंदळ आणि काहीसा भांडखोरही राहिला आहे.

याचे एक कारण भूगोलात आहे. उत्तरेस कोल्हापूर, जिथे शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेब राहिले. अलीकडे अब्दुल करीम खाँसाहेबांचे मिरज. दक्षिणेस धारवाड आणि त्यापलीकडे सवाई गंधर्वांचे कुंदगोळ. मिरज-लोंढा लोहमार्गावरील बेळगाव या सर्वांच्या मधोमध. त्यामुळे किराणा आणि जयपूर या दोन्ही गायकी इथल्या कानांवर सारख्याच पडल्या, आणि त्यांची तुलना करण्याची खोडही जडली. निपाणीला रेल्वे नाही. तंबाखूच्या त्या पेठेतील रसिकाला गाणे ऐकायचे तर बहुधा महामार्गाने कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठावे लागे. इतक्या लांबून आलेला माणूस भैरवी झाल्याशिवाय उठत नसे.

या श्रोतृवर्गाची खरी कसोटी कुमार गंधर्वांनी पाहिली. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळील सुळेभावी गावी झाला. बालवयात ते थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात जे गोठले ते हरकती-मुरकतींसह त्या पोराच्या गळ्यातून बाहेर पडे आणि मोठी माणसे चकित होत. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण, १९४८ मध्ये देवासला स्थलांतर आणि क्षयाच्या आजारात गेलेली वर्षे. त्या आजारातून उठून ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा दमसास पूर्वीचा नव्हता. ताना तुटक, स्वरवाक्ये छोटी, मध्येच मौन, आणि सोबतीला माळव्याच्या लोकधुना व कबीराची निर्गुणी भजने. बालपणीचा चमत्कार ज्यांनी ऐकला होता किंवा वडिलांकडून ज्याची वर्णने ऐकली होती, त्यांना हे गाणे पचायला कठीण गेले. "आलाप पुरा करीत नाहीत" अशी एका पक्षाची तक्रार. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की न गायिलेला स्वरही ऐकू येतो. हा वाद मी लहानपणी घरच्या ओसरीवर ऐकला आहे. त्यात कोणी जिंकल्याचे स्मरत नाही. चहा मात्र दोनदा होत असे. मला स्वतःला दुसरा पक्ष पटतो. जो मुलगा एकेकाळी गोठलेले गाणे जसेच्या तसे गात होता, त्याच्या प्रौढपणी एका रात्रीचा राग दुसऱ्या रात्री तसा सापडत नसे. नकलेपासून इतक्या दूर गेलेला दुसरा गवई माझ्या ऐकण्यात नाही.

बेळगावचे दुसरे वैशिष्ट्य पेटी. १९४० मध्ये नभोवाणीने या वाद्यावर बंदी घातली आणि सुमारे तीन दशके ती पाळली. ज्या काळात रेडिओवर पेटीची साथ ऐकू येत नव्हती, त्याच काळात विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे यांची बोटे इथल्या बैठकींतून समोर बसून ऐकता येत होती. १९१७ मध्ये कागवाड येथे जन्मलेल्या रामभाऊंनी कित्येक पिढ्यांच्या गवयांना साथ केली आणि शेकडो विद्यार्थी घडविले. २०१० मध्ये ते निवर्तले. गवई कुठे वळणार हे त्याच्या अर्धे पाऊल मागे राहून ओळखणे, ही साथीदाराची विद्या. पेटीवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहून आजची बैठक रंगणार की नाही हे सांगणारे श्रोते आपल्याकडे होते. आकाशवाणीच्या धोरणकर्त्यांपेक्षा त्यांचे कान अधिक तयार होते, असे म्हणण्याचा मोह होतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतरची कटुता आपणा सर्वांच्या घरांत शिरली. ती इथे उगाळण्याचे कारण नाही. परंतु मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी ही सारी कानडी मुलुखातली माणसे, आणि मराठी श्रोत्याने त्यांना परके मानले नाही. मन्सूरअण्णांनी मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडून मिळालेले अनवट राग काढले, की पहिल्या दोन आवर्तनांतच मागच्या रांगेत कुजबूज सुरू व्हायची: हा अमका, नव्हे तमका. ती कुजबूज दोन्ही भाषांत चाले.

अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' नावाचे एक रॉक वाद्यवृंद होते. १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षे ते वाजवीत राहिले. तेही रंगमंचावरच गाणे विस्तारीत, म्हणून त्यांचे चाहते प्रत्येक मैफल ध्वनिमुद्रित करून आपापसांत वाटीत. १९८४ पासून तर त्या मंडळींनी मुद्रण करणाऱ्यांना प्रेक्षागृहात वेगळी जागाच दिली. आपल्याकडेही स्पूल आणि पुढे कॅसेट आल्या. पण इथे मुद्रण बहुधा कपाटात कुलपाखाली राहिले. कोणाकडे काय आहे हे सर्वांना ठाऊक, ऐकायला मात्र यजमानाचा मूड लागे. आता त्या फितींना बुरशी चढते आहे, यंत्रे बंद पडली आहेत आणि त्या रात्री हजर असलेली माणसे एकेक करून जात आहेत. फीत राहिली तरी गवयाने तेवढ्यात मान का डोलावली, दाद कोणाला दिली, हे तिच्यावरून कळत नाही. ते सांगणाऱ्यांच्या आठवणी आज लिहून घेता येतील. आणखी दहा वर्षांनी विचारायचे कोणाला?

माझ्या वडिलांच्या ट्रंकेत अशी एक कॅसेट आहे. तिच्यावर त्यांच्या अक्षरात एका रागाचे नाव लिहिलेले आहे. ते खोडून खाली त्यांच्या मित्राने कानडीत दुसरे लिहिले आहे, आणि त्यापुढे पुन्हा वडिलांचे प्रश्नचिन्ह.