ग्राफिक्स कार्डच्या जोडणीचा वेग

ग्राफिक्स कार्डच्या जोडणीचा वेग म्हणजे संगणकातील ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एका सेकंदात किती माहितीची ने-आण होऊ शकते, याचे माप होय. सध्याच्या संगणकांत ही जोडणी पीसीआय एक्सप्रेस या मानकानुसार केलेली असते. तिचा वेग दोन गोष्टींवर ठरतो : मानकाची पिढी आणि वापरात असलेल्या मार्गिकांची, म्हणजेच लेनची, संख्या. हे दोन्ही आकडे संगणक सुरू होताना कार्ड आणि मदरबोर्ड परस्परांत ठरवतात. त्यामुळे कार्डाच्या खोक्यावर छापलेला वेग आणि प्रत्यक्ष मिळणारा वेग यांत फरक पडू शकतो. असा फरक हा काही वेळा बिघाड असतो, तर अनेकदा वीजबचतीचा किंवा रचनेचा स्वाभाविक परिणाम असतो. तपासणीचा मुख्य हेतू या दोहोंत भेद करणे हा आहे.

मानक आणि पिढ्या

पीसीआय एक्सप्रेस हे मानक पीसीआय-एसआयजी या उद्योगसमूहांच्या संघटनेकडून प्रसिद्ध केले जाते. १६ मार्गिकांच्या जोडणीत एका दिशेने मिळणारा कमाल वेग पिढीनुसार पुढीलप्रमाणे असतो :

- पहिली पिढी (२००३) : सुमारे ४ गिगाबाइट प्रति सेकंद
- दुसरी पिढी (२००७) : सुमारे ८ गिगाबाइट प्रति सेकंद
- तिसरी पिढी (२०१०) : सुमारे १५.८ गिगाबाइट प्रति सेकंद
- चौथी पिढी (२०१७) : सुमारे ३१.५ गिगाबाइट प्रति सेकंद
- पाचवी पिढी (२०१९) : सुमारे ६३ गिगाबाइट प्रति सेकंद

प्रत्येक पिढीत वेग साधारण दुप्पट झाल्यामुळे चौथ्या पिढीच्या ८ मार्गिका तिसऱ्या पिढीच्या १६ मार्गिकांइतक्याच भरतात. नवे कार्ड जुन्या मदरबोर्डवर आणि जुने कार्ड नव्या मदरबोर्डवर चालते. मात्र वेग दोघांपैकी कमी क्षमतेच्या घटकाप्रमाणे ठरतो.

वेग ठरण्याची प्रक्रिया

वीज मिळताच दोन्ही टोके प्रथम पहिल्या पिढीच्या वेगाने संपर्क साधतात. किती मार्गिकांवरून संकेत नीट पोहोचतात हे पाहून रुंदी ठरते आणि नंतर टप्प्याटप्प्याने वेग वाढवला जातो. एखाद्या मार्गिकेवर संकेत अस्पष्ट आला, तर जोडणी पूर्ण तुटत नाही; ती १६ ऐवजी ८, ४ किंवा १ मार्गिकेवर स्थिरावते. संकेतांत वारंवार चुका आढळल्यास खालच्या पिढीचा वेगही स्वीकारला जातो. संगणक चालू राहत असल्याने हा दोष वापरकर्त्याच्या लक्षात येतोच असे नाही.

तपासणी

विंडोज प्रणालीत जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम यासाठी प्रचलित आहे. त्यातील ‘बस इंटरफेस’ या ओळीत आधी कार्डाची कमाल क्षमता आणि नंतर चालू स्थिती दिसते. लिनक्समध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा सविस्तर स्वरूपात चालवल्यास क्षमता आणि सद्यःस्थिती अशा दोन स्वतंत्र नोंदी मिळतात. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ड्रायव्हरबरोबर येणारी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञाही हीच माहिती देते.

तपासणी कार्डावर भार असतानाच करावी. संगणक निवांत असताना वीज वाचवण्यासाठी जोडणी पहिल्या पिढीच्या वेगावर उतरते. त्या वेळचा आकडा पाहून कार्ड सदोष ठरवणे ही सर्वांत सामान्य गैरसमजूत आहे. जीपीयू-झेडमध्ये त्या ओळीशेजारील प्रश्नचिन्हावर टिचकी मारून छोटी चाचणी सुरू करता येते. चाचणी चालू असताना पिढीचा आकडा वर गेला, तर जोडणी निरोगी समजावी.

दुसरी खातरजमा कार्डाच्या रचनेची करावी. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० या कार्डांना ८, तर आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला ४ मार्गिकाच दिलेल्या आहेत. ती १६ मार्गिकांच्या लांब खाचेत बसत असली, तरी त्यांचा आकडा १६ होणे शक्य नाही.

कमी वेगाची कारणे

पिढी आणि रुंदी यांपैकी कोणता आकडा कमी आहे, यावरून शोधाची दिशा ठरते.

भार असूनही पिढी कमी दिसत असल्यास प्रोसेसरची मर्यादा, बायोसमधील मर्यादित ठेवलेली पिढी, जुने बायोस किंवा कार्ड उभे बसवण्यासाठी वापरलेली रायझर केबल तपासावी. तिसऱ्या पिढीसाठी बनवलेल्या केबलवर चौथ्या पिढीचा वेग लादल्यास पडदा काळा होणे किंवा संगणक गोठणे असे प्रकार घडतात. अशा वेळी बायोसमध्ये मुद्दाम तिसरी पिढी निवडणे हाच योग्य उपाय ठरतो.

मार्गिका कमी दिसत असल्यास कार्ड कोणत्या खाचेत आहे, हे प्रथम पाहावे. प्रोसेसरला सर्वांत जवळची लांब खाच बहुधा पूर्ण १६ मार्गिकांची असते; खालच्या लांब खाचेत अनेकदा ४ मार्गिकाच जोडलेल्या असतात. काही मदरबोर्डांवर एम.२ प्रकारची साठवण बसवताच ग्राफिक्स कार्डच्या मार्गिका निम्म्या होतात. याची माहिती मदरबोर्डच्या पुस्तिकेत असते. त्यानंतर अर्धवट बसलेले किंवा वजनाने झुकलेले कार्ड, खाचेतील धूळ, तसेच प्रोसेसरच्या सॉकेटमधील वाकलेली पिन किंवा कूलरचा असमान दाब ही कारणे उरतात.

दमट हवेतील काळजी

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात दिवसेंदिवस धुके घरात शिरते. कार्डाच्या कडेवरील सोन्याचा मुलामा सहज गंजत नाही. परंतु धूळ आणि ओल यांचा थर संपर्कात अडथळा आणू शकतो. चालू संगणक आतून उबदार असल्याने कोरडा राहतो. अनेक दिवस बंद ठेवलेल्या संगणकाला ओलीचा धोका अधिक असतो.

सफाईपूर्वी संगणक बंद करून वीजजोड काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि अंगावरील स्थिर वीज धातूला स्पर्श करून उतरवावी. खाचेची कडी सोडवून कार्ड सरळ बाहेर काढावे. कडेवरील संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात. खाचेत काहीही खरवडू नये. पूर्ण वाळल्यावर कार्ड कडी लागेपर्यंत बसवून स्क्रू आवळावा.

या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ असते आणि पंख्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता त्या प्रमाणात घटते. उष्णतेमुळे कार्डाचा स्वतःचा कामाचा वेग उतरतो. तो दोष जोडणीचा नव्हे. तापमान आणि जोडणी यांचे आकडे म्हणून वेगवेगळे वाचावे लागतात.

परिणाम आणि महत्त्व

खेळांमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या १६ मार्गिकांतील फरक बहुधा काही टक्क्यांपुरताच असतो. कार्डाची स्वतःची मेमरी अपुरी पडली की माहिती वारंवार जोडणीवरून आणावी लागते आणि अरुंद जोडणीचा फटका ठळकपणे जाणवतो.

अखंड माहिती येणाऱ्या वैज्ञानिक कामात प्रश्न अधिक गंभीर होतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिच्या अद्ययावत रूपात या अँटेनांचे संकेत एकत्र करण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसर करतात. ४०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा संकेत नोंदवण्यासाठी सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक अँटेनाचे दोन प्रवाह आणि प्रत्येक नमुन्यास ४ बिट धरल्यास एकूण प्रवाह सेकंदाला २४ गिगाबाइट होतो. म्हणून हे काम अनेक संगणकांत वाटलेले असते. खेळात मंद जोडणीमुळे चित्र उशिरा येते. येथे आकाशातून येणारा संकेत थांबत नाही, आणि मागे पडलेली माहिती गमवावी लागते.

पुण्यातील सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या टॉप५०० यादीत ६३ व्या स्थानी होता. त्यातील एनव्हिडिया ए१०० प्रोसेसर परस्परांशी एनव्हीलिंक या अधिक वेगवान जोडणीने बोलतात. मोठ्या गणनेत पीसीआय एक्सप्रेसची मर्यादा ओलांडण्यासाठीच अशी स्वतंत्र जोडणी लागते.

अंतिम निदान

वरील उपायांनंतरही आकडा सुधारला नाही, तर तेच कार्ड दुसऱ्या संगणकात आणि दुसरे कार्ड त्याच खाचेत लावून पाहावे. दोष कार्डाबरोबर गेला तर कार्ड, आणि जागेवरच राहिला तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर सदोष ठरतो. ही अदलाबदल केल्याशिवाय नवा भाग विकत घेतल्यास खर्च वाया जाण्याची शक्यता राहते.